वीस फार झाले, सहा घ्या

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांनी विचारले आहे: 'वर्धापनदिनाला संग्रहालयांनी जपून ठेवलेले दुर्मीळ लघुपट गावकऱ्यांना दाखवायचे ठरवले आहे. दीडशे खुर्च्यांचे सभागृह आहे, पंचायतीचा प्रोजेक्टर मिळेल, प्रवेश फुकट ठेवणार. वीस चित्रपटांची यादी केली, सगळे यूट्यूबवर सापडले. जुने आहेत, शिवाय तिकीट नाही, तेव्हा हक्कांचा प्रश्न येऊ नये. आणखी काय तयारी लागेल?'

वीस फार झाले. सहा घ्या, फार तर सात, आणि सगळे मिळून सत्तर मिनिटांत बसवा. जत्रेला पहाटेपर्यंत नाटक बघणारी माणसे आपल्याकडे आहेत हे मला ठाऊक आहे, मीही त्यांतलाच. पण नाटकात एकच गोष्ट रात्रभर चालते. इथे दर दहा मिनिटांनी नवे गाव, नवी माणसे, नवी चाल, आणि प्रेक्षकाला प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आठव्या चित्रपटापासून लोक बघत नाहीत, नुसते बसलेले असतात.

आता यादीकडे वळतो. तुम्ही नावे लिहून काढली आहेत, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. फिल्म सोसायटीच्या निमित्ताने गेली तीसेक वर्षे मी अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, गावांत खेळ लावतो आहे, आधी सोळा मिलिमीटरच्या रिळांवर, आता फाइलवर. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: अशा कार्यक्रमाला चित्रपट निवडायचा नसतो, प्रत निवडायची असते.

तुमच्या यादीत 'राजा हरिश्चंद्र' आहे. कोणता? फाळक्यांनी ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लावला तो चार रिळांचा होता. आज आपल्या हाती आहे ते पहिले रीळ आणि शेवटचे रीळ. मधला राजा गेला. आणि आहे तेही १९१३ चे, की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या हरिश्चंद्राचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. ल्युमिएर बंधूंचा कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचा चित्रपट घ्या. एक मिनिटही पुरता नाही, पण १८९५ चा तो 'पहिला चित्रपट' तीन रूपांत आहे: एकात घोडागाडीला एक घोडा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात घोडाच नाही. तुम्ही यूट्यूबवरून उतरवलेल्या प्रतीत काय आहे ते आधी मोजा. ही चेष्टा नाही. तिन्ही एकापाठोपाठ लावा आणि घोडे मोजायला पोरांना सांगा. प्रत म्हणजे काय ते अडीच मिनिटांत सगळ्या सभागृहाला कळेल, तुम्हाला भाषण करावे लागणार नाही.

यूट्यूबवरची प्रत बहुतेक वेळा रिळावरून टेपवर, टेपवरून डीव्हीडीवर आणि डीव्हीडीवरून इंटरनेटवर अशी चार घरे फिरून आलेली असते. कडा कापलेल्या, वेग बिघडलेला, वर कुणाची तरी मोहोर, खाली कुणीतरी चिकटवलेले संगीत. मोबाइलवर हे खपून जाते. दहा फुटांच्या पडद्यावर चेहऱ्यांचे दहीभात होतात.

म्हणून मूळ धन्याला पत्र लिहा. भारतीय चित्रपटांसाठी आता हे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले. पी. के. नायरांनी गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरून आणि गोदामांतून रिळे गोळा करून ते उभे केले. फाळक्यांचे जे काही आज आपण बघू शकतो त्यामागे त्यांची पायपीट आहे. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. जपलेले तीसच्या आगेमागे, त्यांतलेही कित्येक अपुरे. सरकारी माहितीपट आणि वार्तापट काढणारी फिल्म्स डिव्हिजन १९४८ ची. या दोन्ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसीत) विलीन झाल्या, त्यामुळे फाळके आणि फिल्म्स डिव्हिजन यांच्यासाठी आता एकच दार ठोठवायचे.

पत्रात 'आपल्या समृद्ध वारशाचा प्रसार' वगैरे लिहू नका, ते सगळेच लिहितात. तारीख, गाव, खुर्च्या किती, तिकीट आहे की नाही, खेळ एकच की दोन, प्रोजेक्टर कोणता, फाइल कशावर चालवणार, चालवणार कोण आणि कार्यक्रमानंतर फाइलचे काय करणार, एवढे एका पानात लिहा. शेवटच्या मुद्द्याला संग्रहालयवाले सर्वांत जास्त वजन देतात. तीन महिने आधी लिहा, पंधरा दिवसांनी आठवण करा, आणि आठवण करताना रागावू नका.

हक्कांबद्दल तुमच्या प्रश्नात दोन समजुती आहेत. त्यांतली एक अर्धी खरी, दुसरी चुकीची.

अर्धी खरी ती 'जुने म्हणजे मोकळे'. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे. म्हणजे फाळके केव्हाच मोकळे झाले. पण एस. एन. एस. शास्त्रींचा 'आय अॅम ट्वेंटी' १९६७ चा, त्याचा हक्क २०२७ अखेरपर्यंत, आणि प्रमोद पतींचा 'एक्सप्लोरर' १९६८ चा, तो २०२८ अखेरपर्यंत. दोन्ही तुमच्या यादीत आहेत, दोन्ही ठेवा, पण विचारून. शिवाय चित्रपट मोकळा झाला तरी त्यातले संगीत आणि शब्द वेगळ्या मुदतीने चालतात: कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. फ्रेंच चित्रपटकार मेलिएसच्या 'चंद्रावरची सफर' या चित्रपटात तर सगळाच घोळ एका ठिकाणी आहे. चित्रपट १९०२ चा. हाताने रंगवलेली एक प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनाच्या संग्रहालयात सापडली, रीळ जवळजवळ दगड झालेले. ते चौकट चौकट सोडवून २०११ मध्ये कान महोत्सवात दाखवले, सोबत 'एअर' या फ्रेंच जोडीचे नवे संगीत. चित्र शंभर वर्षांचे आणि आवाज काल-परवाचा. रंगीत प्रत लावायची तर तो आवाज बंद करा किंवा त्याची परवानगी घ्या. चित्रासाठीही ज्यांनी ती दुरुस्त केली त्यांना विचारा. कायद्याच्या पलीकडे रीत म्हणून काही असते.

चुकीची समजूत ती फुकट प्रवेशाची. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे खरी, पण ती साहित्य, नाटक आणि संगीताला. चित्रपट त्यात नाही. शैक्षणिक संस्थेला चित्रपटासाठी वेगळी सवलत आहे, तिथे प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसे एवढेच असावे लागतात. वाचनालय त्यात बसेल असे धरून चालू नका.

तिसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, ती म्हणजे सेन्सॉरचे प्रमाणपत्र. जाहीर खेळाला ते लागते. फिल्म्स डिव्हिजनच्या बहुतेक चित्रपटांना ते असते, कारण ते थिएटरात मुख्य चित्रपटाआधी सक्तीने लागायचे. (तेव्हा आपण बाहेर भजी खात उभे असायचो. तेच आता दुर्मीळ म्हणून शोधतो आहोत.) २०२३ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदतही गेली, एकदा मिळाले ते कायमचे. परदेशी जुन्या लघुपटांना मात्र प्रमाणपत्र असण्याची शक्यता कमी. त्यावर सरळ वाट अशी की फिल्म सोसायट्यांच्या महासंघाशी जोडलेल्या एखाद्या सोसायटीला सोबत घ्या, तिच्या नियमांत सभासदांसाठी खेळ कसा बसतो ते तिच्याकडूनच समजून घ्या आणि त्याप्रमाणे आमंत्रणे काढा.

कागद संपले. आता अंधार.

डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा सातला सुरू करा. सभागृहाच्या वरच्या झरोक्यांतून रस्त्यावरचा दिवा आत येतो का ते आदल्या रात्री जाऊन बघा. दुपारी बघून ते कळत नाही. पणजीतल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या (इफ्फीच्या) दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, तारीख धरू नका. चांगली सामग्री आणि ती हाताळणारी पोरे तेव्हा पणजीत असतात.

प्रोजेक्टरचा हिशेब करून टाकू. थिएटरात पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरच्या उजेडाचे माप) उजेड असावा असा दंडक आहे. साध्या पांढऱ्या पडद्याला चौरस फुटांना १४ ने गुणले की लागणारे ल्युमेन, म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचे माप, निघतात. पंचायतीच्या प्रोजेक्टरवर ३००० लिहिलेले असेल. पण जुने चित्रपट चौकोनी असतात, चारास तीन, आणि प्रोजेक्टर सोळास नऊ. म्हणजे उजेडाचा पाऊण भागच चित्रात पडतो, २२५०. दिवा चार वर्षांचा असेल तर निम्मा धरा, ११०० च्या आसपास. बारा फूट रुंद, नऊ फूट उंच पडद्याला १५०० हवेत, तेवढे तुमच्याकडे नाहीत. दहा फूट रुंद, साडेसात उंच पडद्याला १०५० पुरतात. तेव्हा पडदा दहा फुटांचा करा आणि खुर्च्या पुढे ओढा. मोठा आणि फिका यापेक्षा लहान आणि लख्ख बरा.

चित्र ताणून पडदा भरायचा मोह कोणाला तरी होणारच, बहुधा अध्यक्षांना. होऊ देऊ नका. ताणले की माणसे बुटकी आणि गाल सुजलेले दिसतात, हरिश्चंद्रात तारामती झालेले साळुंखे आधीच पुरुष, ते आणखी रुंद होतात. दोन्ही बाजूंना उरलेली करडी पट्टी काळ्या कापडाने झाका. इतक्या स्वस्तात चित्र इतके सुधारणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

वेगाबद्दल मात्र माझ्याच फजितीवरून सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एक मूकपट चोवीस चौकटींनी चालवला, कारण माझ्या प्रोजेक्टरला दुसरा वेगच नव्हता. मूकपट हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याचे, सेकंदाला सोळा-अठरा चौकटींचे. सोळाचा चित्रपट चोवीसने धावला की पंधरा मिनिटांचा दहात संपतो. पडद्यावर एक बाई मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली, आणि तिचे हुंदके उचकीसारखे उडत होते. सभामंडप हसला. पुढच्या रांगेतल्या एक आजी हसल्या नाहीत. नंतर येऊन म्हणाल्या, 'बाबा, तिला एवढी घाई कसली होती रे?' त्यानंतर मी वेग तपासल्याशिवाय मूकपट लावलेला नाही. संग्रहालयाने दिलेल्या फाइलमध्ये चौकटी पुन्हा पुन्हा घालून वेग सांभाळलेला असतो. तुमच्या लॅपटॉपवरच्या प्लेअरने तो स्वतःहून 'सुधारू' नये एवढे बघा. टीव्हीतली आणि नव्या प्रोजेक्टरातली हालचाल गुळगुळीत करणारी सोय शोधून बंद करा.

संगीतासाठी तुमच्यासारखे भाग्य पुण्या-मुंबईच्या संग्रहालयांनाही नाही. तुमच्या आसपास पेटी आणि तबला वाजवणारी किती माणसे आहेत ते मोजा. नाटकाला साथ केलेली, नटाने वाक्य विसरले तरी सूर धरून ठेवणारी. मूकपटाला नेमके हेच लागते. मूकपटांच्या काळात मुंबईच्या थिएटरांत पडद्याखाली बसून वाजवणाऱ्यांत गोव्याचे वादक होतेच, त्यांचेच भाऊबंद पुढे स्टुडिओंत गेले. आणि वर सांगितलेली हौशी मंडळाची सवलत तुमच्या प्रोजेक्टरला नसली तरी पेटीवाल्याला आहे.

फक्त त्याला फाइल आठवडाभर आधी द्या, आणि तीन गोष्टी सांगा. पहिली, प्रत्येक हालचालीला वाजवायचे नाही. कोणी पडला की तबल्यावर धप, हे पहिल्यांदा गमतीचे, तिसऱ्यांदा वैताग. दुसरी, ओळखीचे पद वाजवले की लोक पद ऐकतात आणि चित्र सोडतात, म्हणून राग धरा, पद नको. तिसरी सांगायला कठीण: काही वेळ अजिबात वाजवू नका. हरिश्चंद्राच्या शेवटच्या रिळात आमच्या पेटीवाल्याने एकदा भाता बंद करून हात मांडीवर ठेवले. मिनिटभर सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. माझ्या सगळ्या खेळांत तेवढे एक मिनिट मला आजही जसेच्या तसे आठवते.

मूकपटात चित्रांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या वाचून दाखवायला एक माणूस ठेवा. मूकपटांच्या काळी थिएटरात असे वाचणारे असत. शाळेतले बाई-मास्तर नकोत, ते अर्थ सांगू लागतात. नाटकातला कोणीतरी घ्या, तो नुसते वाचेल, आणि मराठीतून एक ओळ, कोकणीतून एक ओळ असे सहज करील. साउंडवाल्याला माइकवरचा इको बंद करायला तीनदा सांगा. एकदा सांगून तो बंद होत नाही.

निवेदन प्रत्येक चित्रपटाआधी दीड मिनिट. कथा सांगू नका. प्रतीची हकीकत सांगा: कुठे सापडली, किती उरली, काय गेले. 'यात पुढची दोन रिळे नाहीत' असे आधी सांगितले की लोक असलेल्या रिळाकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतात. न सांगता मध्येच तुटले तर प्रोजेक्टरवाल्याला शिव्या पडतात.

तुमच्या यादीत पोर्तुगीज काळातला गोवा दाखवणारे काही नाही. सहांतली एक जागा त्यासाठी ठेवा, बाकी काही काढावे लागले तरी. लिस्बनच्या सिनेमातेका या चित्रपट संग्रहालयाकडे त्या राजवटीतल्या चित्रफितींचा मोठा साठा आहे, काही संकेतस्थळावरही बघता येतात. पत्र पोर्तुगीजमधून लिहा. गावात कोणी जुने आजोबा असतील तर त्यांच्याकडून लिहून घ्या, त्यांनाही बरे वाटेल. पण असली फीत निवेदनाशिवाय लावू नका. तिच्यातले रस्ते, होड्या, बाजार खरे आहेत, पण मागचा आवाज सत्तेचा आहे, आणि गोवा किती सुखात आहे हे जगाला पटवायला तो बोलतो आहे. माझा अनुभव असा की अशा फितीला आवाज पूर्ण बंद करून एकदा आणि आवाजासह एकदा, असे दोनदा लावावे. पहिल्या वेळी लोक माणसे ओळखायला लागतात: हे म्हापशाचे मार्केट, ही फेरीबोट. दुसऱ्या वेळी ते आवाजाशी भांडतात. दोन्ही व्हायला हवे.

शेवटचे, आणि माझ्या मते तुमच्या कार्यक्रमातून निघू शकेल असे सगळ्यांत मोलाचे. आमंत्रणपत्रिकेवर एक ओळ छापा: 'घरात जुनी रिळे असतील तर घेऊन या.' आफ्रिकेत, आखातात, लिस्बनला राहून आलेल्या माणसांनी आठ मिलिमीटरचे कॅमेरे आणले होते. लग्ने, शिगमो, चवथीची माटोळी, मुक्तीनंतरची पहिली वर्षे अशी पाच-पाच मिनिटांची रिळे कपाटात पडून आहेत. त्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. संग्रहालयांतल्या कुठल्याही चित्रपटापेक्षा ती जास्त दुर्मीळ आहेत.

पण ती त्या रात्री चालवू नका. कोणी हट्ट धरला, जुना प्रोजेक्टरही आणला, तरी नाही. आपल्या दमट हवेत अॅसिटेटची फीत आंबते, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, फीत आकसते आणि कडेची भोके प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत. मी अशाच एका रिळाची पहिली वीस फूट माझ्या हातांनी फाडली आहेत; एका बारशाची होती, मूल आता चाळिशीत आहे. टेबल मांडा, एक माणूस बसवा, वहीत नोंद करा: कोणाचे, कुठले, साधारण कधीचे, वास आहे का, फितीवर 'सेफ्टी' लिहिले आहे का. आठ आणि सोळा मिलिमीटर बहुतेक सुरक्षित फितीवरच असते. पस्तीसचे जुने रीळ निघाले आणि तो शब्द दिसला नाही, तर ते नायट्रेट, म्हणजे चटकन पेट घेणारी जुनी फीत, समजून डबा घराबाहेर सावलीत ठेवा आणि पुण्याला कळवा. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या भांडाराला लागलेल्या आगीत जुन्या भारतीय चित्रपटांची रिळे गेली, तेव्हा हा प्रकार हलक्यात घेऊ नका. वास येणारी रिळे इतरांपासून वेगळी करा, लोखंडी कपाटातून आणि माळ्यावरून खाली आणा, घरातल्या सर्वांत थंड कोरड्या जागी ठेवा. फ्रिजमध्ये उघडी ठेवू नका, बाहेर काढताना दव धरते. स्कॅन करून घेईपर्यंत एवढे पुरे.

काळ्या कापडाच्या पट्ट्या शिवून घेण्यात वेळ घालवू नका. माझ्याकडे दोन आहेत, बारा फुटी, फोंड्याला येऊन घेऊन जा. खालच्या कडेला शिसाची वजने शिवलेली आहेत ती काढू नका, पंख्याच्या वाऱ्याने पट्टी हलते. आणि परत आणून द्या. मागच्या वेळी एकांनी त्यांचा मंडपाला पडदा केला होता.